‘प्लेथरा’ लिहिताय? या चुका टाळा

दादरला संध्याकाळी मी इंग्रजी लेखनाचा वर्ग घेते. नोकरीचे अर्ज, परदेशी विद्यापीठांसाठीची निवेदनं, संस्थांचे वार्षिक अहवाल, सगळं तपासायला येतं. आणि जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘देअर आर प्लेथोरा ऑफ अपॉर्च्युनिटीज.’ म्हणायचं असतं, संधी भरपूर आहेत. एवढ्या लहान वाक्यात दोन चुका आहेत, आणि वाचून दाखवायला सांगितलं की तिसरी ऐकू येते. वर्षानुवर्षं लाल पेनानं तेच तेच लिहून मी कंटाळले, म्हणून हे एकदाच सविस्तर.

सगळ्यात मोठी चूक अर्थाची. ‘प्लेथरा’ म्हणजे नुसतं ‘भरपूर’ नव्हे. त्यात ‘जरा जास्तच झालं’ हा सूर आहे. आजच्या शब्दकोशांत ‘भरपूर’ हा सरळ अर्थही मिळतो, त्यामुळे तसा वापर केला तर कुणी त्याला अशुद्ध म्हणणार नाही. पण ज्याचं इंग्रजी वाचन मुरलेलं आहे, त्याच्या कानाला तो जास्तीचा सूर लागतोच. आणि तुमचा अर्ज नेमका अशाच माणसाच्या टेबलावर जातो.

लालबागची एक विद्यार्थिनी होती. बीकॉम, हिशेबात चोख, स्वभावानं अबोल. एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेली. अर्जात तिनं कौतुकानं लिहिलं होतं, ‘युअर कंपनी हॅज अ प्लेथरा ऑफ एक्स्पीरिअन्स्ड मॅनेजर्स.’ तिला म्हणायचं होतं, तुमच्याकडे अनुभवी माणसं खूप आहेत, मला शिकायला मिळेल. समोरच्या गृहस्थांनी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ ओढली, कागद तिच्याकडे फिरवला आणि विचारलं, “आमच्याकडे मॅनेजर जास्त झालेत असं तुमचं म्हणणं आहे का?” तिला शब्दाचा तो अर्थ माहीतच नव्हता. ती गप्प बसली. पुढची दहा मिनिटं तिच्याकडून नीट उत्तरं गेली नाहीत, आणि ती नोकरीही गेली. तो कागद तिनं मला आणून दाखवला. पेन्सिलची रेघ ‘प्लेथरा’ या एकाच शब्दाखाली होती, बाकी अर्ज कोरा करकरीत. मला आजही त्या गृहस्थांचा राग येतो, कारण मुलीला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं होतं. पण शब्दानं त्यांच्या हाती काठी दिली, हेही खरं.

त्या दिवसापासून वर्गात माझी एक सवय आहे. इंग्रजी शब्द लिहिण्याआधी तीच गोष्ट मराठीत म्हणायची. आपल्या भाषेत विपुलतेला किती शब्द आहेत बघा: रेलचेल, चंगळ, सुकाळ, लयलूट, मुबलक, आणि दुसऱ्या बाजूला सुळसुळाट, बुजबुजाट, खच, अजीर्ण. लग्नात पक्वान्नांची रेलचेल असते आणि पावसाळ्यात डासांचा सुळसुळाट असतो. ‘आमच्या वाडीत हुशार मुलांचा सुळसुळाट आहे’ असं कुणी म्हटलं तर आपण दचकतो. ‘प्लेथरा’ हा सुळसुळाटाच्या शेजारी राहणारा शब्द आहे, रेलचेलीच्या नाही. नाक्यानाक्यावर लागलेले वाढदिवसाचे शुभेच्छाफलक, एका बँक खात्यासाठी भराव्या लागणाऱ्या अर्जांची चळत, फोनमध्ये साचलेले पासवर्ड, इथे तो चपखल बसतो.

हा सूर आला कुठून, तेही सांगते, कारण एकदा कळलं की विसरत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भरलेपण’. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तो वैद्यकातून. अंगात रक्त प्रमाणाबाहेर वाढलं की माणूस आजारी पडतो, अशी तेव्हाच्या वैद्यांची समजूत होती. त्या अवस्थेला ‘प्लेथरा’ म्हणत, आणि उपाय म्हणजे शीर कापून रक्त काढायचं किंवा जळवा लावायच्या. आपल्याकडे तुंबड्या लावत, तोच प्रकार. आजही डॉक्टर मंडळी चेहरा रक्तानं तांबारलेला दिसला की हाच शब्द वापरतात. म्हणजे जन्मानं हा आजाराचा शब्द. तुमच्या ‘अपॉर्च्युनिटीज’ना जळवा लावायच्या आहेत का, असं मी विचारते, तेव्हा वर्ग हसतो आणि शब्द डोक्यात पक्का बसतो.

यावर मुलं म्हणतात, “पण मॅडम, थिसॉरसमध्ये दिलाय ना!” थिसॉरस म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, आणि इथे माझा पारा चढतो. ‘मेनी’वर बोट दाबायचं, खाली वीस शब्द उघडतात, त्यातला सगळ्यात वजनदार दिसेल तो उचलायचा. समानार्थी शब्द म्हणजे एकाच डब्यातली माणसं. एकाच घरातली नव्हेत. पीटर मार्क रोझे यांचा कोश 1852 साली आला, आणि हे रोझे स्वतः डॉक्टर होते. त्यांच्या कोशाच्या जुन्या आवृत्त्या उघडून बघा: ‘कॉर्न्युकोपिया’ (न संपणारी समृद्धी) पुरेसेपणाच्या गटात आहे आणि ‘प्लेथरा’ अतिरेकाच्या गटात. जुन्या कोशानं दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलंय. फोननं मधली भिंत पाडली आणि आपण बिनधास्त आत शिरलो. रील बघून ‘पन्नास भारी शब्द’ पाठ करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, पन्नास नकोत, पाच घ्या, आणि प्रत्येक शब्द छापलेल्या मजकुरात दहा ठिकाणी भेटल्याशिवाय स्वतः वापरू नका. वेळ लागतो. लागू द्या.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे गळालेला ‘अ’. ‘देअर आर प्लेथोरा ऑफ’ लिहिणाऱ्याला वाटतं हा ‘भरपूर’सारखा शब्द आहे. ‘भरपूर संधी’, झालं. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’सारखं उपपदच नाही, त्यामुळे काही राहिलंय हे जाणवतही नाही. पण ‘प्लेथरा’ नाम आहे, विशेषण नाही. ‘भरपूर’च्या जागी ‘ढीग’ ठेवून बघा. ‘फायली ढीग आहेत’ असं आपण बोलताना म्हणतो, पण नीट लिहायचं तर ‘फायलींचा एक ढीग आहे’. तो ‘एक’ म्हणजेच इंग्रजीतला ‘अ’, आणि ‘चा’ म्हणजे ‘ऑफ’. ‘अ हीप ऑफ फाइल्स’, तसंच ‘अ प्लेथरा ऑफ फाइल्स’. ‘देअर आर लॉट ऑफ पीपल’ हीदेखील याच घराण्यातली चूक, आणि मुंबईच्या ऑफिसांतल्या इमेलमध्ये ती इतकी रुळलीय की ती चूक आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. मी विद्यार्थ्यांना ‘अ’भोवती पेन्सिलनं गोल करायला लावते. संपूर्ण पानावर. वीस गोल झाले की डोळ्याला सवय लागते आणि जिथे गोल नाही तिथे नजर अडते.

‘मिरियड’ म्हणजे असंख्य, त्यात हाच गोंधळ दुप्पट होतो. ग्रीकमध्ये हा आकडाच होता, दहा हजार. इंग्रजीत तो नाम म्हणूनही चालतो आणि विशेषण म्हणूनही. ‘मिरियड रीझन्स’ बरोबर, ‘अ मिरियड ऑफ रीझन्स’ही बरोबर. नामाचा वापर चुकीचा आहे असं ठणकावून सांगणारे शिक्षक भेटतात, त्यांचं ऐकू नका. इंग्रजीत नाम आधी आलं, विशेषण मागाहून. चूक होते ती दोन्हींची अर्धी अर्धी खिचडी केल्यावर: ‘मिरियड ऑफ रीझन्स’. एक तर दोन्ही जोडा, नाहीतर दोन्ही काढा.

क्रियापदाचा प्रश्न नेहमी येतो. ‘अ प्लेथरा ऑफ फॉर्म्स’नंतर ‘इज’ की ‘आर’? दोन्ही छापून येतात. मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर मी अनेकवचन लिहिते, कारण माझ्या डोळ्यांसमोर फॉर्म्स असतात, ढीग नसतो. ‘प्लेथरा ऑफ नॉलेज’ मात्र माझ्या हातून कधी जात नाही. ज्ञानाचा सुळसुळाट मला पटत नाही.

‘अ ह्यूज प्लेथरा’, ‘अ वाइड प्लेथरा’: पुढचं विशेषण खोडा. भरून वाहणाऱ्या बादलीला ‘मोठी भरून वाहणारी’ म्हणायची गरज नाही.

उच्चार: प्ले-थ-रा. जोर पहिल्या अक्षरावर. ‘प्लेथोरा’ असा मधला ‘थो’ लांबवू नका. मी बाकावर टिचकी मारून म्हणून घेते, टिचकी ‘प्ले’वर.

मग कौतुकाची विपुलता सांगायला काय वापरायचं? एप्रिल-मेमध्ये क्रॉफर्ड मार्केटात जा. हापूसच्या पेट्या, गवताचा वास, पेटी उघडून फळ नाकाशी धरणारं गिऱ्हाईक. या देखाव्याला ‘कॉर्न्युकोपिया’ शोभतो. ग्रीक कथेत बाळ झ्यूसला दूध पाजणाऱ्या अमाल्थिया शेळीचं शिंग मोडलं आणि ते कधीही न संपणाऱ्या अन्नानं भरून गेलं. आपल्याकडे द्रौपदीची थाळी, तसं. शब्द सुंदर आहे, पण अर्जात तो जड होतो. तिथे ‘अ वेल्थ ऑफ’ घ्या. त्या लालबागच्या मुलीच्या वाक्यात हेच हवं होतं, ‘अ वेल्थ ऑफ एक्स्पीरिअन्स’. किंवा साधं ‘मेनी’. ‘मेनी एक्स्पीरिअन्स्ड मॅनेजर्स’ लिहिलं असतं तर पेन्सिल उचललीच गेली नसती. ‘मेनी’ लिहिणाऱ्याला कुणी अडाणी समजत नाही, हे मुलांना पटायला सहा महिने लागतात.

‘गलोर’ (भरपूर) नामाच्या नंतर येतो: ‘मँगोज गलोर’. उलटं लिहू नका. ‘सर्फीट’ म्हणजे थेट अजीर्ण, प्रशंसेत नको. आणि ‘प्लेनिट्यूड’ (विपुलता) या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘प्लेंटी’ आठवून मध्ये जादाचा ‘टी’ घालतात, तो काढा.