मिशन रुग्णालयाचा अनुभव आरोग्य धोरणापर्यंत कसा पोहोचवावा

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावांनीच निवडलेल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. हे काम जामखेडपुरते राहिले नाही. जागतिक चर्च परिषदेने १९६८ साली जिनिव्हात स्थापन केलेल्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने अशा प्रयोगांचे अनुभव जगापुढे मांडले. जागतिक आरोग्य संघटनेचे मुख्यालयही त्याच शहरात असून दोन्ही संस्थांमध्ये प्रत्यक्ष चर्चा होत असे. संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात जामखेडचा समावेश झाला आणि १९७८ च्या आल्मा-आटा (आताचे कझाकस्तानातील अल्माटी) येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार जगाने स्वीकारला. त्यामागे इतरही अनेक प्रयोग होते. परंतु आधी काम, मग त्याची नोंद आणि मग ती नोंद योग्य टेबलापर्यंत नेणारी संस्था, हा क्रम आजही उपयोगी पडतो.

ख्रिस्ती मिशन रुग्णालयाने सुरुवात नोंदवहीपासून करावी. ‘ग्रामीण भागात सुविधा अपुऱ्या आहेत’ असे निवेदन दिल्यास ते फायलीत जाते. त्याऐवजी प्रसूतीसाठी आलेल्या प्रत्येक स्त्रीपुढे गावाचे नाव, कळा सुरू झाल्याची वेळ, रुग्णवाहिकेला फोन केल्याची वेळ, रुग्णवाहिका पोहोचल्याची वेळ आणि आधी कोणत्या दवाखान्यातून परत पाठवले गेले, असे रकाने वर्षभर भरावेत. त्यातून कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या प्रहरी वेळ जातो हे दिसते आणि मागणीही नेमकी करता येते. रुग्णांची नावे मात्र बाहेर जाऊ देऊ नयेत.

त्यानंतर मागणी कोणाकडे करायची ते ठरवावे. औषधांचा तुटवडा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत मांडावा, पदनिर्मितीचा प्रश्न मंत्रालयात न्यावा, आणि कायद्याचा मसुदा असेल तर हरकतींची मुदत चुकवू नये. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. प्रत्येक निवेदनाची पोच घ्यावी आणि आवक क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो.

एकट्या रुग्णालयाचा आवाज क्षीण असतो. १९०५ पासून काम करणारी ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया आणि १९४३ साली सिस्टर डॉ. मेरी ग्लोरी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली कॅथलिक हेल्थ असोसिएशन यांच्या सदस्य संस्था देशभर आहेत, आणि पाच जिल्ह्यांतील नोंदी एकत्र आल्या की स्थानिक तक्रारीचे धोरणविषयक प्रश्नात रूपांतर होते. तरीही केवळ ख्रिस्ती संस्थांपुरते थांबू नये. आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायत, महिला मंडळ आणि आरोग्य हक्कांसाठी काम करणाऱ्या जन आरोग्य अभियानासारखे व्यासपीठ यांना सोबत घ्यावे, आणि मागणी कोणत्याही धर्माच्या रुग्णाला लागू पडेल अशाच शब्दांत मांडावी. संस्थेच्या हिताची मागणी रुग्णहिताच्या नावाने पुढे करणे मला सर्वथा अयोग्य वाटते.

म्हणूनच आपल्या घरातील हिशेब आधी तपासावा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. ज्या रुग्णालयाला हे बंधन लागू आहे, त्याने ते पाळल्याचा तपशील निवेदनासोबत जोडल्यास त्याच्या शब्दाला वजन येते. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने राजकीय पक्षांपासून अंतर ठेवावे आणि नियमांबाबत लेखापरीक्षकाचा सल्ला घ्यावा.

बैठकीला डॉक्टरांसोबत गावातील आरोग्यसेविकेला अवश्य न्यावे आणि पहिले बोलणे तिला करू द्यावे. रात्री दोन वाजता वाहन न मिळाल्याने काय झाले, हे तिच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. शासन निर्णय निघाला तरी पाठपुरावा थांबवू नये. तीन महिन्यांनी उपकेंद्रावर जाऊन औषध आले का, पद भरले का, हे पाहावे आणि जे आढळेल ते तारखेसह, मूळ निवेदनाच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून, त्याच कार्यालयाला पुन्हा लेखी कळवावे.