डिजिटल रुपयात काम करायचंय? आधी खिशातली नोट बघा

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झाल्यावर मी आठ महिने नुसतं ब्लॉकचेन केलं (म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेली नोंदवही), त्यावर आपोआप चालणारे करार म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, ते लिहायची भाषा सॉलिडिटी, सगळं. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचे पायलट, म्हणजे चाचणी प्रयोग, नुकतेच सुरू झाले होते, १ नोव्हेंबर २०२२ ला होलसेल (बँकांमधल्या मोठ्या व्यवहारांसाठी), १ डिसेंबरला रिटेल (सामान्य लोकांसाठी), त्यामुळे वाटलं आता आपलेच दिवस. एका बँकेच्या मुलाखतीत समोरच्या मॅडमनी पर्समधून शंभराची नोट काढली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे देणं कोणाचं?" मला प्रश्नच कळला नाही. घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं.

तुम्ही इथे अडकू नका म्हणून नीट सांगते. नोटेवर गव्हर्नरच्या सहीचं वचन असतं, म्हणजे ते देणं, ती फेडायची जबाबदारी, रिझर्व्ह बँकेची. खात्यातले पैसे हे तुमच्या बँकेचं देणं, यूपीआय तेच इकडून तिकडे हलवतं. डिजिटल रुपया वाटतात बँका, वॉलेट पण त्यांचंच, पण देणं नोटेसारखं थेट रिझर्व्ह बँकेचं, आणि नोटेसारखंच त्यावर व्याज नाही. होलसेलमध्ये सरकारी रोख्यांचे व्यवहार याच पैशात मिटवून बघायचे होते, कारण मग सेटलमेंटच्या हमीची आणि तारणाची गरज कमी होते. ब्लॉकचेन हे फक्त साधन आहे हो! चीनचा डिजिटल युआन मुळात ब्लॉकचेनवर उभा नाही. कॅनडाने २०१६ मध्ये बँकांमधल्या पेमेंटच्या जॅस्पर नावाच्या प्रयोगात आधी इथेरियम हे ब्लॉकचेन वापरून पाहिलं, पण तिथे पेमेंट पक्कं झालं असं शंभर टक्के म्हणता येत नव्हतं, बँकांमधल्या मोठ्या रकमांना ते कसं चालेल? मग कॉर्डा नावाची दुसरी प्रणाली घेतली, तिथे नोटरीचं, म्हणजे व्यवहार तपासून पक्का करायचं, काम बँक ऑफ कॅनडा या तिथल्या मध्यवर्ती बँकेकडेच.

"तीन महिन्यांत एक्स्पर्ट" वाल्या कोर्सना एक रुपया देऊ नका. मला खरं शिकवलं ते बँकेच्या ट्रेझरीतून, म्हणजे बँकेचा स्वतःचा पैसा सांभाळणाऱ्या विभागातून, रिटायर झालेल्या एका काकांनी, ज्यांना कोडची एक ओळ येत नाही. असा माणूस शोधा, सर्टिफिकेट नंतर.

कोडिंग वाया जात नाही, घाबरू नका. आज रात्री एवढंच करा, वहीत तीन ताळेबंद काढा, तुमचा, बँकेचा, रिझर्व्ह बँकेचा. खात्यातले ५०० रुपये डिजिटल रुपयात टाका आणि तिन्हीकडे काय बदललं ते लिहा. बँकेकडे तुमची ठेव ५०० ने कमी, तिची रिझर्व्ह बँकेतली शिल्लकही तेवढीच कमी. रिझर्व्ह बँकेचं तुम्ही भरा, मला ते जमायला दोन दिवस लागले होते.