शारीरिक शिक्षण संचालकांच्या कामाचे मूल्यमापन : बैठकीपूर्वीची तयारी

शैक्षणिक वर्ष संपत आले की महाविद्यालयातले खेळ सांभाळणाऱ्या शारीरिक शिक्षण संचालकांच्या कामाचे मूल्यमापन प्राचार्यांपुढे आणि जिमखाना समितीपुढे येते आणि पुष्कळदा ते कपाटातले करंडक मोजून उरकले जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांच्या बाबतीत ही रीत अन्यायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून बैठकीला बसण्यापूर्वी पुढील तयारी अवश्य करावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकांसाठी स्वतंत्र तक्ता दिलेला आहे, तो समितीच्या प्रत्येक सदस्याने आधी स्वतः वाचावा. त्यात ९० टक्के किंवा त्याहून अधिक उपस्थिती चांगली आणि ८० टक्क्यांखालची असमाधानकारक मानली आहे. महाविद्यालयांतर्गत स्पर्धा पाचाहून अधिक खेळांत झाल्या तर काम चांगले, तीन ते पाच खेळांत झाल्या तर समाधानकारक ठरते. बाहेरच्या स्पर्धांतील सहभाग आणि क्रीडासुविधांत केलेली सुधारणा यांचाही त्यात विचार होतो. उपस्थिती काढताना संघ घेऊन परगावी गेलेले दिवस कर्तव्यरजेत धरले आहेत ना, हे हजेरीपत्रकावरून पडताळून घ्यावे.

यानंतर वर्षभराची कागदपत्रे एकत्र करावीत : खेळाडूंचे पात्रता अर्ज, संघनिवडीच्या सूचना, सरावाची नोंदवही, प्रवासभत्त्याची बिले आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ साहित्याची नोंदवही. रजिस्टर नुसते चाळू नये. ते हातात घेऊन साहित्याच्या खोलीत जावे आणि भाले, थाळ्या, जाळी, चेंडू एकेक करून नोंदीशी ताडून पाहावेत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लोखंडी साहित्य लवकर गंजते, त्यामुळे एखादी वस्तू निकामी झाली असेल तर तो निष्काळजीपणा ठरवण्याआधी ती साठवण्यासाठी कोरडी जागा मागितल्याचे पत्र दप्तरात आहे का, ते शोधावे. प्रथमोपचार पेटी उघडून औषधांची मुदतही त्याच वेळी पाहावी.

मैदान प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मूल्यमापनाला हात घालू नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली किंवा चिखलात असते आणि मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी मात्र नेमकी याच काळात करावी लागते. पाऊस थांबल्यावर गवत काढून, जांभ्याचे खडे वेचून, रोलर फिरवून मैदान पुन्हा खेळण्याजोगे करावे लागते. कबड्डीपटूच्या सोलवटलेल्या ढोपरांवरून हे काम कितपत झाले ते कळते. म्हणून पावसाळ्यात संचालकांनी काय केले, सभागृहात व्यायाम, मल्लखांब, टेबल टेनिस किंवा बुद्धिबळाची सोय लावली का, आणि मातीवर सराव करणाऱ्या संघाला मॅटवर खेळण्याची संधी स्पर्धेआधी एकदा तरी मिळवून दिली का, हे प्रश्न लिहून ठेवावेत. माझ्या दृष्टीने मूल्यमापनाचा गाभा इथेच आहे, कारण मिळालेल्या परिस्थितीत विद्यार्थी खेळते ठेवण्याची धडपड यातूनच दिसते.

खेळाडूंशी बोलताना संचालक समोर नसावेत. केवळ संघातल्यांनाच नव्हे, तर निवडचाचणीत वगळलेल्यांनाही बोलवावे. विद्यार्थिनींशी शक्यतो समितीतील प्राध्यापिकांनी बोलावे आणि सरावाची वेळ, कपडे बदलण्याची जागा, स्पर्धेच्या प्रवासात सोबत महिला व्यवस्थापक होत्या का, याची चौकशी करावी. सराव संपण्याआधीच गावाकडची शेवटची एस.टी. सुटत असेल तर चांगली खेळाडूही महिनाभरात मैदान सोडते. अशा वेळी संचालकांनी सकाळच्या सत्राचा किंवा गावानुसार गट पाडण्याचा पर्याय शोधला का, हे आवर्जून विचारावे.

आर्थिक बाजू थोडक्यात पाहता येईल : मंजूर तरतूद किती होती आणि प्रत्यक्षात रक्कम केव्हा हाती आली, एवढे पुरते. मात्र सावंतवाडीहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे, त्यामुळे तिथे संघ नेण्याच्या खर्चाची तुलना मुंबईतल्या महाविद्यालयाशी करू नये.

संचालकांकडून स्वयंमूल्यमापन अहवाल बैठकीच्या किमान आठवडाभर आधी मागवावा आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय, नावे वगळून, त्यांना वाचायला द्यावेत. निष्कर्षाच्या मसुद्यात पुढील वर्षाची त्यांची उद्दिष्टे लिहिताना त्या उद्दिष्टांच्याच शेजारी महाविद्यालयाने द्यावयाचे साहित्य, निधी आणि मदतनीस तारखेनिशी नमूद करावेत, आणि संचालकांना लेखी म्हणणे मांडण्यासाठी मुदत देऊन मगच त्यावर सह्या कराव्यात.