बॅकअपची डिस्क घरात ठेवू नका

बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर आणि त्याखालच्याच खणातली बॅकअपची डिस्क दोन्ही भिजली. वीस वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून मी असं करते:

१. आधी फोटो-कागदपत्रांच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार बघायचा.

२. दहा जीबीच्या आत असेल तर गुगल ड्राइव्ह पुरतं. फुकट १५ जीबी मिळतात, पण जीमेल आणि गुगल फोटोही त्यातच मोजले जातात.

३. जास्त असेल (लग्नाचे व्हिडिओ असले की असतंच) तर एक टीबीची हार्ड डिस्क घ्या आणि विंडोजमधलं 'फाइल हिस्ट्री' (फायलींच्या प्रती आपोआप डिस्कवर ठेवणारी सोय) चालू करा. महिन्यातून एकदा जोडायची, बॅकअप झाला की लगेच काढायची. जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिच्यावरच्या फायलीही लॉक करू शकतो. माझी डिस्क तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याकडे असते, श्रीखंडाचा डबा द्यायला जाते तेव्हा घेऊन येते.

एक सांभाळा: सिंक केलेल्या, म्हणजे गुगल ड्राइव्हशी आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरमधून फाइल पुसली की ती ड्राइव्हवरूनही जाते आणि तिथल्या कचरापेटीत फक्त ३० दिवस राहते.