संशोधनाची गोष्ट सांगताना या चुका टाळा

परळच्या हाफकिन संस्थेविषयी लिहिताना बहुतेक लेखक एकाच प्रसंगापासून सुरुवात करतात: 10 जानेवारी 1897 रोजी जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्रसंग खरा आहे (मात्र तो परळचा नव्हे, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते काम करत होते तेव्हाचा) आणि त्यात नाट्यही आहे. परंतु अनेक लेख तिथून थेट 'या लशीने असंख्य प्राण वाचवले' या वाक्यावर उडी घेतात. एका माणसाने टोचून घेतल्याने लस सोसवते एवढेच फार तर कळते. ती प्लेग रोखते की नाही, हे कळत नाही. त्याचा पुरावा त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात झालेल्या, वरवर रुक्ष वाटणाऱ्या तुलनेत सापडतो. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली, इतरांना टोचली नाही, आणि एकाच तुरुंगात राहणाऱ्या या दोन गटांत प्लेग किती जणांना झाला, हे पाहिले गेले. चोखंदळ वाचक इथेही अडेल: आपणहून पुढे येणारे कैदी मुळातच अधिक धडधाकट असतील तर? ही शंका लेखकाने स्वतःच काढावी. माझ्या मते संशोधनाच्या गोष्टीतली उत्कंठा 'हे कशावरून?' या प्रश्नावर टिकते, आणि बहुतेक चुका तो प्रश्न घाईने मिटवल्यामुळे होतात.

उत्तर आधीच ठाऊक असल्याच्या थाटात मागचा काळ रंगवणे ही अशीच एक चूक. 1896 च्या साथीत मुंबईत गटारे धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, आणि आजचा लेखक त्याला हसून लगेच पिसवांवर येतो. प्लेगच्या प्रसारात पिसवांचा हात असल्याचे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीतील प्रयोगातून दाखवले, आणि तेही अनेकांना पुढे कित्येक वर्षे पटले नव्हते. ज्याला पिसवांचा पत्ता नाही, त्याने घाणीवर संशय घेणे वेडेपणाचे नव्हते. म्हणून लेखात पिसू शक्य तितकी उशिरा आणावी आणि तोवर वाचकाला त्या काळातल्या माणसाइतकेच अंधारात ठेवावे.

नायकाची प्रतिमा मळू नये म्हणून अडचणीचा भाग गाळणेही टाळावे. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि 1907 मध्ये ते दोषमुक्त ठरले. हे गाळले, की बाटली नेमकी कुठे दूषित झाली हा वादही जातो, आणि पुरावा कसा तपासतात हे दाखवायला याहून चांगला प्रसंग मिळणे कठीण आहे.

एका घटनेवर अख्ख्या सिद्धान्ताचे ओझे टाकू नये. 26 जुलै 2005 ची आठवण मुंबईकराला खिळवून ठेवते, त्यामुळे हवामानबदलावरचा लेख त्या दिवसाच्या कमरेएवढ्या पाण्यापासून सुरू करायला हरकत नाही. मात्र सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला सुमारे 74 मिलिमीटरच नोंदला गेला. कुलाब्याचा आकडा वगळला तर गोष्ट ठसठशीत होते, पण एकाच शहरात एवढा फरक का, हा विचार करायला लावणारा प्रश्न हरवतो. शिवाय एका दिवसाच्या पावसावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. त्यासाठी अनेक दशकांच्या नोंदींकडे वळावे लागते, आणि ते वळण लेखात स्पष्ट दिसले पाहिजे.

उपमांबाबत थोडेच सांगतो: प्रतिपिंडांना (रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना, म्हणजे अँटिबॉडीजना) सैनिक म्हटले, तर हेच सैनिक कधी आपल्याच शरीरावर हल्ला करतात, हेही सांगावे. मराठीत मात्र प्रबंधी भाषेचा जाच मोठा आहे. 'नमुने गोळा करण्यात आले' या वाक्यात माणूसच नसतो. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखलात कोण उतरले आणि भरतीपूर्वी किती वेळ हाताशी होता, हे लिहिले की पद्धतही समजते आणि तिची मर्यादाही.

मसुदा कुठे बिघडला आहे हे कळत नसेल, तर तो विषयाबाहेरच्या कोणाला तरी वाचून दाखवावा आणि दोन दिवसांनी त्यांच्याकडूनच गोष्ट ऐकावी. ते केवळ शास्त्रज्ञाबद्दल बोलले, तर प्रयोगाचा भाग पुन्हा लिहावा. निष्कर्ष आठवला पण तो कशावरून काढला हे आठवले नाही, तर पुरावा निष्कर्षाच्या आधी आणावा. मध्येच थांबून त्यांनी शंका विचारली, तर ती ज्या ठिकाणी आली, तिथेच ती लेखात लिहून टाकावी.