लाकडी रेसकारच्या हलक्या चाकांची डगमग कशी थांबली

वडोदऱ्यात मुलीसाठी केलेली लाकडी रेसकार उतारावर सोडताच चाके डगमगत आणि ती डावीकडे ओढली जाई. आस बदलला, तेल घातले, तर भुसा चिकटून ती आणखीच अडली; तीन रविवार गेले, तेव्हा मी अगदी वैतागलो होतो. दोष चाकांच्या मधल्या छिद्रात होता, कारण चकती कापून मी मध्य नंतर शोधत असे. आता 3 मिमी प्लायवूडवर कंपासने वर्तुळ आखले, कंपासचे टोक रुतले तिथेच प्रथम छिद्र पाडले, मग चकती किंचित मोठी कापून, बोल्टवर नटाने आवळून, ड्रिल मशीनमध्ये फिरवत आखलेल्या रेषेपर्यंत पॉलिश पेपरने घासली. कडेचे वजन चाक फिरवायला सर्वांत जास्त जड करते, म्हणून कडेजवळ समान अंतरावर सहा छिद्रे पाडली. शेवटी आसाचा खिळा गुळगुळीत करून त्याला पेन्सिलीच्या शिशाची पूड लावली.