दीडशे ओळींची मेथड फोडायची कशी?

हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात कुठेतरी ‘बिल_तयार_कर’ नावाची एक मेथड (नाव दिलेला, हाक मारली की चालणारा कोडचा तुकडा) असते आणि तिच्यात सगळं असतं. ती सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं वाटते, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर लावते, भाडेकरू असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचं बिगरवास शुल्क) धरते, थकबाकीवर व्याज काढते, जीएसटी लावते, पीडीएफ बनवते आणि वर ईमेलही पाठवते. एवढी लांब मेथड कुणी ठरवून लिहीत नाही. दर वार्षिक सभेनंतर एक ‘इफ’, म्हणजे एक नवी अट, वाढत जातो, इतकंच. मग एक दिवस व्याजाचा दर बदलायला सांगतात आणि तो नेमका कुठे बदलायचा हे शोधण्यातच दुपार जाते.

आधी आजचं उत्तर पकडून ठेवा

कोडला हात लावण्यापूर्वी टेस्ट लिहा, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारा कोड. वेगवेगळ्या तऱ्हेचे सदस्य निवडा: वेळेवर भरणारा, थकबाकीदार, भाडेकरू ठेवलेला, महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांच्या (जीएसटी लागू होण्याच्या मर्यादेच्या) वर जाणारा आणि बरोबर ७,५०० वर थांबणारा. जुन्या मेथडमधून त्यांची बिलं काढा, आकडे साठवा आणि प्रत्येक बदलानंतर नवे आकडे त्यांच्याशी ताडून पाहा. एखादा आकडा चुकीचा दिसला तरी आत्ता तसाच राहू द्या. रचना बदलणं आणि चूक दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकत्र केली की आकडा कशामुळे हलला हे कळत नाही.

इथे हमखास एक अडचण येते. व्याज ‘आजच्या’ तारखेपर्यंत मोजलेलं असतं, त्यामुळे आज पास झालेली टेस्ट उद्या फेल होते. म्हणून पहिला बदल हाच करा: तारीख मेथडच्या आत घेऊ नका, पॅरामीटर (मेथडला पुरवलेली माहिती) म्हणून बाहेरून द्या.

कुठे कापायचं?

मेथड वरपासून खालपर्यंत वाचा. मध्ये सोडलेल्या रिकाम्या ओळी आणि ‘इथे व्याज’ अशा कमेंट (माणसासाठी लिहिलेल्या टिपा) या तयार खुणा असतात. बहुतेक वेळा त्या कमेंटमधूनच नव्या मेथडचं नाव मिळतं. पण ओळी मोजून कापू नका. प्रत्येक तुकड्याला विचारा, हा बदलायची वेळ आली तर कशामुळे येईल?

जीएसटीचं पाहा. दरमहा वर्गणी ७,५०० च्या वर गेली, तर कर पूर्ण रकमेवर की फक्त वरच्या रकमेवर? सीबीआयसी या केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१९ च्या परिपत्रकाने पूर्ण रकमेवर असं म्हटलं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फक्त वरच्या रकमेवर असा निकाल दिला. ज्या नियमावर असा वाद होऊ शकतो, तो ‘जीएसटी_काढ’मध्ये एकटा राहिला पाहिजे. पीडीएफचा फाँट बदलणाऱ्या माणसाला तो दिसायचंही कारण नाही.

कापताना

हाताने कट-पेस्ट करू नका. कोड लिहायच्या एडिटरमध्येच तुकड्याची मेथड करायची सोय असते: तुकडा सिलेक्ट करून इंटेलिजेमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एम दाबा; एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-एम. आत काय जायला हवं आणि बाहेर काय यायला हवं हे एडिटर स्वतः काढतो, आणि ती यादी वाचण्यासारखी असते. सहा-सात पॅरामीटर जात असतील तर एक तर काप चुकीच्या जागी आहे, नाहीतर त्यातल्या काहींचा मिळून एक ऑब्जेक्ट (एकत्र बांधलेला माहितीचा गठ्ठा) व्हायला हवा. दोन उत्तरं बाहेर येत असतील तर तुकड्यात बहुधा दोन कामं आहेत.

सगळ्यात जास्त छळतो तो ‘एकूण’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायची जागा. पहिल्या ओळीत शून्य, मग खाली प्रत्येक तुकडा त्यात भर घालत जातो. तो जिथे-तिथे अडकलेला असेपर्यंत काहीच सुटं होत नाही. प्रत्येक तुकड्याला आपली रक्कम परत करायला लावा आणि बेरीज एकाच ठिकाणी करा. फक्त राउंडिंगकडे लक्ष असू द्या. ४१२.४० आणि २३७.४० आधी वेगवेगळे राउंड केले तर ६४९ होतात, बेरीज करून राउंड केले तर ६५०. सोसायटीत एका रुपयावरूनही पत्र येतं. सुरुवातीला लिहिलेल्या टेस्ट इथे उपयोगी पडतात.

एकात एक घुसलेल्या ‘इफ’साठी उलटा विचार करा. नॉन-ऑक्युपन्सीच्या मेथडमध्ये पहिल्याच ओळीत: सदस्य स्वतः राहतो? शून्य परत. पुढच्या ओळीत: नियमाने सूट असलेले जवळचे नातेवाईक राहतात? शून्य परत. उरलेल्यांसाठी सेवाशुल्काच्या दहा टक्के. तीन पायऱ्यांचं इंडेंटेशन (ओळी आत सरकवणं) जाऊन तीन सरळ ओळी उरतात.

ईमेल आणि पीडीएफ हिशेबापासून तोडाच. नाहीतर टेस्ट चालवली की खऱ्या सदस्यांना बिलं जायची. शेवटी मूळ मेथड साधारण अशी दिसते (पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, तुमच्या ऑफिसात ती इंग्रजीच असतील):

शुल्क = सेवाशुल्क_काढ(सदस्य)
पाणी = पाणीपट्टी_काढ(सदस्य)
बिगरवास = बिगरवास_शुल्क_काढ(सदस्य, शुल्क)
व्याज = थकबाकीचे_व्याज(सदस्य, तारीख)
कर = जीएसटी_काढ(शुल्क, पाणी, बिगरवास)

खाली बेरीज, की झालं. व्याजाचा दर कुठे बदलायचा हे आता विचारावं लागत नाही.

थांबायचं कधी

ठरलेला आकडा नाही. कोडची शिस्त तपासणारी साधनं असतात: रूबी भाषेसाठीचा रूबोकॉप मूळ सेटिंगमध्ये दहा ओळींनंतर कुरकुरतो, जावास्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंटचा तसाच नियम चालू केला तर तो पन्नासपर्यंत गप्प असतो. माझी कसोटी नावाची आहे: तुकड्याला ‘प्रोसेस_डेटा_२’ पलीकडे नाव सुचत नसेल तर तो तोडू नका. पीडीएफची मांडणी करणाऱ्या साठ सरळ ओळी, एकही ‘इफ’ नसलेल्या, मी तशाच ठेवेन. फोडल्या तर वाचणाऱ्याला उगाच पाच ठिकाणी उड्या मारायला लागतील.

प्रत्येक काप वेगळ्या कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातल्या वेगळ्या नोंदीत) टाका आणि त्यात फॉरमॅटिंग मिसळू नका. रिव्ह्यू करणाऱ्याला जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या गिट डिफचा ‘कलर-मूव्ह्ड’ हा पर्याय सांगा: नुसत्या जागा बदललेल्या ओळी वेगळ्या रंगात येतात आणि खरोखर बदललेल्या चार ओळी चटकन सापडतात.